जायची तीन, यायची दोन

“जायची तीन,” वच्छला खिडकीच्या जाळीशी तोंड नेऊन म्हणाली, “आन् यायची दोन.”

मी मागे बाकावर बसलो होतो. बल्लारशा स्टेशनातल्या त्या रिझर्वेशनच्या खोलीत पंखा एकच, तोही तिकीटबाबूच्या डोक्यावर, आणि महिना मे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातला मे ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून पटणार नाही. विजेच्या तारेवरचा कावळा त्या दिवसांत एक पाय वर धरून बसतो. टेकलेला भाजला की तो उचलतो आणि दुसरा खाली ठेवतो. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. अशा त्या उन्हात मला हुडहुडी भरली.

तिकीटबाबूनं मान वर करून विचारलं, परतीची दोनच का? दोनच, असं माझी बायको म्हणाली. मग त्यानं तारीख विचारली. यायची तारीख आम्हाला ठाऊक नाही, ती मद्रासच्या डॉक्टरला ठाऊक, असं तिनं सांगितलं. तेव्हा पुढंमागं करता येईल असं तिकीट द्या.

बाबू भला होता. मागं रांग वाढत होती तरी तो समजावून सांगू लागला, की अंदाजानं जरा लांबची तारीख धरा, नंतर ती एकदा बदलून मिळते. अलीकडं ओढा नाही तर पलीकडं ढकला, फक्त गाडी सुटायच्या आत खिडकीवर या.

“तारीख बदलते,” तो म्हणाला, “माणूस बदलत नाही. ज्याच्या नावाचं तिकीट, त्यानंच यायचं.”

“त्याच्याचसाठी काढून राह्यली मी,” वच्छला म्हणाली.

तिच्याशेजारी तिचा धाकटा भाऊ दौलत उभा होता. कागद कारखान्यात कामाला, कबड्डी खेळून खेळून पाठ अशी रुंद झालेली की तिच्यावर सिनेमा दाखवता यावा. ती पाठ त्या वेळात एकदाही वळली नाही. एरवी दर दोन मिनिटांनी ‘भाऊजी, पानी पाह्यजे का’ म्हणून विचारणारा माणूस. तेवढ्यावरून मला कळलं ते कळलं. मद्रासला तिघं चाललो होतो: मी, बायको आणि मेहुणा. परत दोघं यायची होती. आणि छातीची चिरफाड तिघांत एकाचीच व्हायची होती.

नागपूरच्या डॉक्टरनं माझ्या काळजाचा फोटो उजेडावर धरून दाखवला होता. मेमध्ये आमच्याकडचे नाले दिसतात तशा त्या नळ्या. मधे मधे ओल, बाकी कोरड. मद्रासच्या एका मोठ्या इस्पितळाचं नाव त्यानं लिहून दिलं आणि मग मला बाहेर बसवून वच्छला आणि दौलतला आत ठेवून घेतलं. दार लावलं. बाहेर आल्यावर दोघंही एका सुरात म्हणाली, घाबरण्यासारखं काही नाही. दोन माणसं एका सुरात बोलतात ती आरतीला, नाही तर ठरवून.

आता विचारून टाकायचं होतं, असं कोणी म्हणेल. पण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

शिवाय माझं गावात नाव होतं. पुंडलिक धोटे म्हणजे फॉरेस्ट डेपोतला लाकडं मोजणारा, वाघाला न भिणारा. ते नाव मीच मेहनतीनं केलेलं. डेपोत सागाचे ओंडके रचलेले असतात, त्यांची गोलाई टेपनं मोजायची आणि नंबर टाकायचा, एवढं माझं काम. एकदा पहाटेच्या अंधुक उजेडात एका ओंडक्याला मी टेप गुंडाळला, गोलाई बघितली, नंबर टाकायला हातोडा उचलला आणि ओंडक्यानं जांभई दिली. मग मी काय केलं, तर टेप सोडवून घेतला, कारण टेप सरकारी होता. ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली आहे की नंतर नंतर त्या वाघाची गोलाई डेपोतली पोरं मला सांगत. अशा माणसानं बायकोला कसं विचारायचं, की वच्छले, यायच्या दोघांत मी आहे का?

तेव्हा मी विचारलं नाही, तिकिटं वच्छलानं आपल्या बटव्यात ठेवलेली, आणि निघेपर्यंतचे दिवस जे दिसेल त्यात उत्तर शोधत राहिलो. शोधणाऱ्याला कमी पडत नाही. वच्छलानं रोज माझ्या आवडीचं करायला घेतलं. डॉक्टरनं तेल बंद केलेलं, तरी ती म्हणाली, आज खाऊन घ्या. आज. डेपोतले सोबती नारळ घेऊन आले आणि माझ्या गोष्टींना नेहमीपेक्षा जास्त हसले. शेजारच्या म्हातारबानं मागं कधी माझी शिडी नेली होती ती न मागता आणून दिली. मग एका सकाळी वच्छला दौलतला घेऊन चंद्रपूरला महाकालीच्या देवळात गेली. मला नेलं नाही. ऊन बाधेल म्हणाली. परत आली तेव्हा कपाळभर कुंकू, डोळे सुजलेले, आणि त्या दिवसापासून तिचा चेहरा शांत झाला. रडणाऱ्या बायकोची मला सवय होती. शांत झालेलीची भीती वाटू लागली.

दौलतला मी एकदा चाचपून पाहिलं. पायरीवर बसून तो आंबा चोखत होता. मी सहज विचारल्यासारखं म्हटलं, की येताना मला खालचा बर्थ लागेल बरं का, टाके असतील, वर चढता यायचं नाही. त्याच्या हातातला आंबा तसाच राहिला. रस कोपरापर्यंत ओघळला तरी त्याला कळलं नाही.

“ताईले विचारा,” तो म्हणाला आणि हात धुवायला म्हणून गेला तो जेवायलाच उगवला.

गाडी दुपारी होती. स्टेशनावर निरोपाला बरीच मंडळी आली. आमच्याकडं घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मी प्रत्येकाला ‘येतो’ म्हणत होतो आणि दर वेळी बायकोकडं बघत होतो. ती सामान मोजत होती.

डब्यात आमच्यासमोर सिरोंच्याकडची एक बाई बसली होती, राजक्का नावाची. साठीची असेल, गोरीपान, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, मद्रासला लेकीकडं चाललेली. सिरोंच्याची माणसं घरात तेलुगू बोलतात आणि कचेरीत मराठी, त्यामुळं तिच्या मराठीला एक झोका होता. विरूर स्टेशन मागं पडायच्या आत तिनं आमची जात, गाव, मुलंबाळं सगळं विचारून घेतलं. मुलंबाळं नव्हती, त्यावर तिनं चुकचुक केलं. मग तिची नजर वच्छलाच्या मांडीवरच्या मोठ्या खाकी पाकिटावर गेली. त्यात माझ्या काळजाचे फोटो होते.

दवाखान्याचं दिसतंय, ती म्हणाली. कोणाचं?

वच्छला पदराचं टोक शोधू लागली. आता ही रडणार, मग राजक्का माझ्याकडं बघणार. ज्या नजरेनं त्या मे महिन्यात सगळं गाव माझ्याकडं बघत होतं त्याच नजरेनं. ती नजर आणखी एका डोळ्यांच्या जोडीतून सोसायची माझी तयारी नव्हती. माझं बोट आपोआप उठलं आणि दौलतकडं वळलं.

“ह्याचं,” मी म्हटलं.

दौलतच्या तोंडात बटाटेवडा होता. त्यामुळं तो काही बोलू शकला नाही, आणि तो गिळेपर्यंत फार उशीर झाला होता. राजक्कानं त्याच्या हातातला उरलेला वडा काढून घेतला, कागदात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकला. त्याला आडवं व्हायला लावलं. खिडकीची झडप ओढली, कारण काळीज अधू असलेल्याला वारा लागू नये. एवढा दांडगा देह आणि आतून पोकळ, असं म्हणून तिनं त्याच्या कपाळावर आपल्या पुडीतला अंगारा लावला. डब्यातल्या दोनतीन माणसांनी आपली जागा सोडून त्याचे पाय पसरायची सोय केली. एकानं शहाळं आणलं.

दौलतनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मी डोळ्यांनीच विनवलं. पोरगा मनानं मोठा. त्यानं डोळे मिटून घेतले आणि आजारी पडला.

वच्छला पदर तोंडाला लावून हलत होती. आधी मला वाटलं, रडते आहे. मग कळलं, हसते आहे. फार दिवसांनी. त्या हसण्यानं मला चेव आला. दौलतचं काळीज मी सविस्तर उलगडलं. त्याचे ठोके शेजारच्या घरात ऐकू जातात, म्हटलं. त्या ठेक्यावर शेजारीण पीठ मळते. नागपूरच्या डॉक्टरनं नळी लावली तर नळी उलटी फुगली. राजक्का ‘अय्यो, अय्यो’ करत ऐकत होती, दौलत डोळे मिटून दात खात होता, आणि मला तेवढा वेळ खरंच असं वाटलं, की आजारी तोच आहे. सांगता सांगता माझी माझ्या गोष्टीवर श्रद्धा बसते. ही माझी जुनी खोड आहे.

वरंगल गेलं. उन्हं कलली. चहावाला येऊन गेला. गोष्ट थांबली की भीती पुन्हा येऊन बसे, म्हणून मी थांबत नव्हतो. आणि तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. ठरवून काढलं की आपोआप निघालं, आज सांगता येत नाही. दौलतचं म्हणून सांगत होतो ते सगळं माझंच होतं; विचारायचं होतं तेही त्याच्याच नावावर विचारून टाकलं.

“त्याचं परतीचं तिकीट नाही काढलं आम्ही,” मी म्हटलं. “जायची तीन काढली. यायची दोनच.”

मी वच्छलाकडं बघत होतो. तिचं हसणं खाडकन थांबलं.

राजक्कानं चहाचा कप खाली ठेवला. सबंध दुपारभर तिचा आवाज खेळता होता, तो आता सपाट झाला. ती वच्छलाला म्हणाली, की हे खरं आहे का? वच्छला पाकिटाचा कोपरा दुमडत राहिली. मग ती बाई उखडली. आमच्या सिरोंच्यात म्हैस बाजारात नेतात तरी परतीचा चारा सोबत घेतात, म्हणाली, न जाणो विकली गेली नाही तर. आणि तू सख्ख्या भावाला एकेरी तिकिटावर घेऊन निघालीस?

“असं मढं नेतात, बाई,” ती म्हणाली. “माणूस नाही.”

दौलत उठून बसला. अंगाऱ्याची राख त्याच्या भुवईवर सांडली.

“माह्यं तिकीट हाये,” तो म्हणाला. “भाऊजीचं बी हाये. तिनं तिचंच नाही काढलं.”

गाडी कुठल्याशा लांब पुलावरून चालली होती, धडधड इतकी की पुढचं काही ऐकू येईना. दौलत बहिणीकडं बघत होता, शपथ मोडलेल्या माणसासारखा. राजक्का एकदा दौलतकडं, एकदा खाकी पाकिटाकडं आणि मग माझ्याकडं बघू लागली. माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग तिनं पिशवीतून तो उरलेला वडा काढला आणि दौलतच्या हातात ठेवला.

“वच्छले,” मी म्हटलं, “काहून?”

ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर भाताची रिकामी शेतं आणि ताडाची झाडं.

“महाकालीले सांगून आली मी,” ती म्हणाली. “म्हनलं, तिघं जाऊन राह्यलो, दोघं येनार हाये. हिशेब म्या करून ठेवला, माय. तू नोको करू.”

एवढं बोलून तिनं पाकिटाचे कोपरे सरळ केले.

तोवर मी माझ्या मरणाला भीत होतो. त्या भीतीला हातपाय होते. सुरी होती, तोंडावरचा रबरी मास्क होता, शेजारच्या म्हातारबाची शिडी होती. तिच्याशी रोज उठून झटापट करता येत होती. आता जी आली तिला आकारच नव्हता. समोर माझी बायको बसली होती, धडधाकट, ठणठणीत, आयुष्यात सर्दीपलीकडं आजारी न पडलेली, आणि मला तिच्याकडं बघवेना. बोगी हलली की वाटे ती पडणार. ती पाणी प्याली तर मला ठसका लागला.

मी तिला समजावलं, की देव रेल्वेची तिकिटं बघत नाही. देवीला आणखी कामं आहेत. जगात रोज इतके लोक एकेरी तिकिटावर प्रवास करतात, ते काय सगळे मरतात?

“मंग तुमाले कायले भेव वाटून राह्यलं?” तिनं विचारलं.

देवाधर्मात मी फारसा नव्हतो. पण बायकोनं माझ्या बदली स्वतःला देवीपुढं ठेवलं होतं, आणि देवी आमच्याकडची होती, चंद्रपूरची. ती ऐकते, असं लहानपणापासून ऐकत आलो होतो.

सकाळी मद्रास आलं. त्या सुमारास शहराचं नाव बदललं होतं, पण आमच्या तोंडी मद्रासच. राजक्का उतरताना वच्छलाला म्हणाली, नवऱ्याला आधी तिकीट काढायला लाव, मग दवाखान्यात ने. उरलेला अंगारा तिनं माझ्या कपाळाला लावला, जरा जोरातच.

मी फलाटावर ट्रंकेवर बसलो आणि सांगितलं, की तिसरं तिकीट निघाल्याशिवाय मी इस्पितळाची पायरी चढणार नाही. वच्छला चिडली, मग रडली, मग दौलतला मधे घातलं. मी हललो नाही. शेवटी मला दोन्हीकडून धरून त्यांनी रिझर्वेशनच्या भल्यामोठ्या हॉलात नेलं. आमच्या बल्लारशाचं अख्खं स्टेशन त्यात मावलं असतं आणि वर एक डेपो. आमचा नंबर आला. मी दोन तिकिटं पुढं केली आणि हिंदीत म्हटलं, ह्याच गाडीत, ह्याच तारखेला, ह्यांच्याजवळ आणखी एक बाईमाणूस.

खिडकीतल्या बाईंनी कळा दाबल्या. गाडी भरली होती. वेटिंग लिस्ट, त्या म्हणाल्या.

दुसऱ्या कोणाला नसती वाटली, पण मला ती देवीची सही वाटली. अर्ज नामंजूर नाही, मंजूरही नाही, विचाराधीन. माझी बायको वेटिंगवर.

बाई म्हणाल्या, की तारीख बदलून घ्या, एकदा बदलता येते, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिन्ही मिळतील. चांगला मार्ग होता. पण माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला होता, आणि पडलेला उजेड मला कधी विझवता आलेला नाही. तारीख बदलून काय होणार? हिशेब तर माणसांचा होता. जोवर कोणाचं तिकीट आहे आणि कोणाचं नाही हे तिला दिसतंय, तोवर ती निवड करणार.

मी म्हटलं, ही दोन्ही रद्द करा.

“भाऊजी,” दौलत म्हणाला, “माह्यं काहून?”

त्याचा आवाज बारीक झाला होता. मी त्याला सांगितलं, की तू तिच्याच रक्ताचा आहेस, तू बाजूला राहिलास तर देवीला संशय येईल. बाईंनी विचारलं, की रद्द कशासाठी? मी सांगितलं, लग्न मोडलं. कोणाचं, तर मेहुण्याकडं बोट केलं. बाईंनी दौलतकडं कळवळून पाहिलं आणि तिकिटं आत ओढली.

मग मी त्या हॉलात, तामिळ माणसांच्या गर्दीत, चंद्रपूरची उत्तर दिशा कुठं असेल याचा अंदाज घेऊन हात जोडले आणि मोठ्यानं बोललो. मनातल्या मनात बोलायची मला सवय नाही.

“माय, आता कोनाचंच तिकीट नाही. तिघंबी सारखे. ठेवाचं असन तर तिघायले ठेव, नाही तर तिघायले घरी धाड. मधला भाव नाही.”

दौलतनं डोळे गच्च मिटले. वच्छला माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, आणि मी तिला तेव्हा पंचवीस वर्षं वाचत होतो.

इस्पितळात पुढचे दिवस तपासण्यांत गेले. मला फार उमेद आली होती. देवीला मी कोंडीत पकडलं होतं. एकटी वच्छला ठेवून घेणं तिला सोपं होतं; तिघांना घ्यायचं म्हणजे दौलतही आला, आणि त्याला उचलायला देवीलाही विचार करावा लागला असता. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी न्हाव्यानं माझी छाती तासली. आरशात बघितलं तर सोललेली कोंबडी. तरी मी वॉर्डातल्या ओडिया म्हाताऱ्याला खाणाखुणांनी ओंडक्याच्या जांभईची गोष्ट सांगितली आणि तो हसला.

सकाळी चाकांच्या खाटेवर घालून मला न्यायला दोन वॉर्डबॉय आले. इंजेक्शन दिलेलं, जीभ जड झालेली. वच्छला माझा हात धरून खाटेबरोबर चालत होती. दौलत मागं चपला हातात घेऊन, कारण कोणीतरी त्याला तिथं चपला काढायला सांगितलं होतं. ऑपरेशनच्या खोलीचं दार समोर दिसू लागलं तेव्हा मी तिला म्हटलं, की घाबरू नको, मी सगळं पक्कं केलं आहे. देवीनं माझं ऐकलं असणारच.

ती वाकली. तिच्या कुंकवाचा वास आला.

“म्या तिले काल सांगतलं,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “म्हनलं, ह्यायच्या बोलन्यावर नोको जाऊ, माय. ह्यायले गोष्टी सांगाची सवय हाये. आपलं ठरलं तेच ठरलं.”

मी उठून बसायचा प्रयत्न केला. पट्टा बांधलेला होता. मी म्हटलं, थांबवा. वॉर्डबॉयला म्हटलं, अरे बाबा, थांबव ही खाट, मला देवळात जायचं आहे, मी खरं बोलत होतो, त्या हॉलात मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. सगळं मराठीत. वॉर्डबॉय माझ्या खांद्यावर थोपटून तामिळमध्ये काहीतरी गोड बोलला. वच्छलाचा हात सुटला. दार उघडलं, गार हवा आली, वर गोल दिवे होते, आणि कोणीतरी मला इंग्रजीत आकडे मोजायला सांगितलं. मी आकडे मोजले नाहीत. मी म्हणत होतो, मी खरं बोलत होतो.

शुद्धीवर आलो तेव्हा छातीवर डेपोतला एक अख्खा ओंडका ठेवलेला होता. घशात नळी. हात बांधलेले. कुठंतरी टुक टुक वाजत होतं आणि ते माझंच होतं, म्हणजे मी होतो. मला आनंद झाला नाही. मी होतो, याचा अर्थ हिशेबाचा अर्धा भाग तिच्या बोलीप्रमाणं झाला होता.

समोर काचेची भिंत होती. काचेपलीकडं एक बाक, आणि बाकावर वच्छला.

भिंतीला डोकं टेकून ती बसली होती. तोंड उघडं. एक हात मांडीवर, दुसरा बाकावरून खाली लोंबलेला, बोटं सैल. डोळे मिटलेले की अर्धे उघडे ते माझ्या नजरेला ठरवता येईना. ती हलत नव्हती. लोक तिच्यासमोरून येत जात होते, त्यांच्यासाठी ती एक झोपलेली बाई होती; त्यांना काय ठाऊक तिचं देवीशी काय ठरलं होतं. मी हाक मारायला गेलो, नळीतून हवा गेली. नर्स आली, केरळकडची बारीकशी पोरगी. तिनं माझे डोळे बघून समजूत करून घेतली, की दुखतंय, आणि सलाइनचं चाक फिरवलं. मी डोळ्यांनी काचेकडं दाखवत होतो. तिनं मागं वळून बघितलं, मला हसून दाखवलं आणि गेली.

मी वच्छलाच्या पदराकडं बघत बसलो. श्वास असेल तर पदर उचलला जाईल. निळा पदर, पांढरे ठिपके. मी एका ठिपक्यावर नजर रोवली. तो हलला असं वाटे, पण हलत मीच होतो, माझे डोळे. वरच्या पंख्याचा वारा होता का, तेही कळत नव्हतं. आयुष्यभर मी वाघाच्या गोष्टी सांगितल्या. त्या एका ठिपक्यासमोर माझी जी गत झाली ती एकाही गोष्टीत कधी घालता आली नाही. टुक टुक जोरात होऊ लागली. नर्स पळत आली. तिनं दुसऱ्या कोणाला हाक मारली. माझ्याभोवती माणसं जमली आणि काच दिसेनाशी झाली.

मग त्यांच्यातला एक जण जरा बाजूला सरकला.

वच्छलाचा लोंबणारा हात उठला. झोपेतच, डोळे न उघडता, तिनं आपल्या पोटरीवर फाडकन एक चापट मारली. काचेमुळं मला आवाज आला नाही, पण जोर दिसला. तेवढ्यात शेजारी येऊन बसलेला दौलत दचकला. तिनं मारलेला डास चिमटीत धरून डोळे किलकिले करून बघितला, तो बाकाला पुसला आणि दुसऱ्या बाजूला मान टाकली.

मद्रासच्या डासांना लोक फार नावं ठेवतात. मी ठेवत नाही.